कृष्णाकाठचे गाडे : साताऱ्याहून मिरजेपर्यंत

महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावणारी कृष्णा साताऱ्याच्या पूर्वेकडून वाहत कराड आणि सांगली ओलांडते व मिरजेच्या पुढे कर्नाटकात शिरते. या वाटेवर तिच्या दोन्ही तीरांना लागणाऱ्या गावांच्या चौकांत, घाटांवर आणि एस.टी. स्थानकांबाहेर संध्याकाळ झाली की खाण्याचे गाडे उभे राहतात. प्रवासवर्णनांतून या भागातले किल्ले, मंदिरे आणि समाध्या यांच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मात्र ज्या पदार्थांभोवती इथली माणसे रोज संध्याकाळी उभी असतात, त्यांच्याकडे भूगोलाचा आणि इतिहासाचा पुरावा म्हणून क्वचितच पाहिले जाते. साताऱ्याहून निघून कोरेगाव, रहिमतपूर, मसूर, कराड, इस्लामपूर, सांगली आणि मिरज असा मार्ग धरला, तर प्रत्येक मुक्कामाच्या गाड्यावर आसपासच्या शेतात काय पिकते आणि आसपासच्या घरांत कोणती चटणी कुटली जाते याची नोंद मिळत जाते. त्याचबरोबर त्या गाड्यावरच्या जवळपास निम्म्या जिनसा मूळच्या मेक्सिको व दक्षिण अमेरिका या दूरच्या भूप्रदेशांतल्या आहेत, हेही हळूहळू लक्षात येते.

खुद्द मेक्सिकोत अशा गल्लीतल्या खाण्याच्या ठिकाणाला ‘ताकेरिया’ म्हणतात. मक्याची तळहातावर मावेल एवढी पातळ पोळी, म्हणजे ‘तोर्तिया’, घ्यायची, तिच्यात मांस किंवा शिजवलेला घेवडा, वर बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर, मिरचीची चटणी आणि लिंबाचा रस घालायचा, आणि ती दुमडून उभ्याउभ्या खायची. या पदार्थाचे नाव ‘ताको’ आणि तो विकणारी जागा ती ताकेरिया. या वर्णनात मका, घेवडा आणि मिरची या तीन गोष्टी मेक्सिकोच्या मातीतल्या आहेत, तर कांदा, कोथिंबीर आणि लिंबू ही आशिया व भूमध्य समुद्राकडून स्पॅनिश लोकांबरोबर तिकडे गेलेली आहेत. कृष्णाकाठच्या भेळीत नेमकी उलट देवघेव दिसते : तांदळाचे चुरमुरे, चिंच, कांदा आणि कोथिंबीर ही जुन्या जगातली, तर मिरची, टोमॅटो, बटाटा आणि शेंगदाणा ही अमेरिका खंडातून आलेली. कोलंबसाची गलबते १४९२ मध्ये अमेरिकेच्या बेटांना लागली आणि पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला. या दोन घटनांनंतरच्या शतकांत ही देवाणघेवाण झाली. बटाटा आणि पाव हे मराठीतले रोजचे शब्द पोर्तुगीजांकडून आले, आणि टोमॅटो हा शब्द तर मेक्सिकोतल्या नाहुआत्ल भाषेतल्या ‘तोमात्ल’पासून निघून स्पॅनिश व इंग्रजी अशी वळणे घेत साताऱ्याच्या मंडईपर्यंत पोहोचला.

या मार्गाचा विचार एकत्र करण्याला प्रशासकीय इतिहासाचाही आधार आहे. आजचा सांगली जिल्हा पूर्वी वेगळा नव्हता. जुन्या सातारा जिल्ह्याचे दक्षिणेकडील तालुके आणि सांगली, मिरज यांसारख्या पटवर्धन संस्थानांचा व इतर संस्थानांचा मुलूख एकत्र करून १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ जिल्हा तयार झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. वाळवे, तासगाव आणि खानापूर हे तालुके त्यामुळे आजही बोलीने व जेवणाने साताऱ्याला धरून आहेत, तर मिरज आणि जत कानडी मुलखाकडे झुकलेले आहेत, आणि हा कल गाड्यांवरच्या पदार्थांतही पाहायला मिळतो.

सातारा शहर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वसले आहे. १७०८ मध्ये छत्रपती शाहूंचा राज्याभिषेक इथे झाल्यानंतर हे मराठी राज्याच्या राजधानीचे ठिकाण बनले, आणि गडाखालची वस्ती पेठापेठांनी वाढत गेली. जुन्या राजवाड्यासमोर गांधी मैदानालगत संध्याकाळी गाड्यांची रांग लागते. समुद्रापासून इतक्या दूर असूनही सातारकर या जागेला ‘चौपाटी’ म्हणतात. मुंबईतल्या करमणुकीच्या जागेचे नाव डोंगराळ शहरातल्या एका मैदानाने घ्यावे, यामागे साताऱ्याच्या कुटुंबांचा मुंबईशी असलेला शंभर वर्षांहून अधिक काळचा संबंध आहे. सातारा आणि कोकण या भागांतून गिरणगावात गेलेला कामगार तिथल्या खानावळींत जेवत असे, आणि या खानावळी बहुतेक बायका घरच्या घरी चालवत असत. त्यांना संघटित करण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर हजारो कामगार गावी परतले. गिरणी गेली, पण दादरला गिरणी कामगारांच्या गर्दीत लोकप्रिय झालेला वडापाव जिल्ह्याजिल्ह्यांत राहिला. ताको या शब्दाच्या उत्पत्तीविषयीही एक मत असे आहे, की मेक्सिकोच्या चांदीच्या खाणींत सुरुंगासाठी कागदात गुंडाळलेल्या दारूच्या पुडीला तो शब्द वापरत आणि खाणकामगारांच्या गुंडाळलेल्या भाकरीला तोच पुढे लागू झाला. हे मत ग्राह्य धरले तर दोन्ही पदार्थ पाळी संपवून बाहेर पडणाऱ्या, वेळ आणि पैसा दोन्ही मोजके असणाऱ्या माणसासाठी तयार झाले असे म्हणता येते.

साताऱ्यातून पश्चिमेला यवतेश्वरच्या घाटाने कासच्या पठाराकडे किंवा उत्तरेला पाचगणीकडे वळले, तर पावसाळ्यात रस्त्याच्या कडेला निखाऱ्यावर भाजलेली मक्याची कणसे मिळतात. विक्रेता अर्धे लिंबू मीठ-तिखटात बुडवून ते कणसावर वरपासून खालपर्यंत घासतो. मेक्सिकोच्या रस्त्यांवर भाजलेले कणीस जवळजवळ याच पद्धतीने, लिंबू आणि मिरचीची पूड लावून खातात, आणि दोन खंडांतल्या विक्रेत्यांनी एकमेकांना न पाहता हातांची तीच हालचाल शोधून काढली आहे. या डोंगराळ भागात परदेशी भाजीपाला रुजवण्याचा इतिहासही वेगळाच आहे : महाबळेश्वरला १८३४ मध्ये चिनी व मलायी कैद्यांसाठी तुरुंग बांधण्यात आला, तो १८६४ पर्यंत चालला, आणि त्या कैद्यांनी बटाट्यासारखी पिके काढून थंड हवेच्या ठिकाणी आलेल्या गोऱ्या लोकांना ती पुरवली. कैद्यांची नावे कुठल्या पाटीवर नाहीत. त्यांनी लावलेल्या भाज्या मात्र त्या डोंगराने कायमच्या आपल्याशा केल्या.

मका मेक्सिकोतून जगभर गेला, पण त्याच्याबरोबर मेक्सिकोच्या स्वयंपाकघरातली मुख्य युक्ती गेली नाही. तिथल्या बायका मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात उकळून, रात्रभर ठेवून मग वाटत. त्यामुळे दाण्याचे साल सुटते, पिठाला चिकटपणा येतो आणि मक्यात बांधून राहिलेले एक जीवनसत्त्व शरीराला मिळू लागते. ज्या युरोपीय प्रदेशांनी ही युक्ती न घेता नुसता मका घेतला, तिथल्या गरिबांत पेलाग्रा नावाचा त्वचेचा आणि मेंदूचा रोग पसरला. सातारा-सांगलीकडे मक्याचे स्थान मुख्यतः जनावरांच्या व कोंबड्यांच्या खाद्यात आणि कणसात राहिले, आणि तोर्तियाची जागा इथे आधीपासून ज्वारीच्या भाकरीने भरलेली होती. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिवटपणा नसतो, म्हणून उकळते पाणी घालून, परातीत तळहाताने रगडून ते पीठ बांधावे लागते आणि मग थापावे लागते. मेक्सिकन स्त्रीने चुन्याने सोडवलेला प्रश्न माणदेशातल्या स्त्रीने गरम पाण्याने सोडवला. राज्य शासनाने १९९५ मध्ये एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रे सुरू केली, तेव्हा गरिबाचे पोट भरण्यासाठी शासनालाही हाच जुना संच आठवला.

साताऱ्यातून कोरेगावची वाट धरली की काही मिनिटांतच कृष्णा आणि वेण्णा यांचा संगम असलेले माहुली गाव लागते. पेशवाईतले न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे मूळचे इथले, आणि संगमावरची दगडी मंदिरे अठराव्या शतकातल्या सरदारांच्या संपन्नतेची आठवण देतात. पुढे जमीन सपाट व काळी होत जाते आणि कोरेगाव तालुका सुरू होतो. या तालुक्यातला वाघ्या घेवडा हा या मार्गावरचा सर्वांत अनपेक्षित पुरावा ठरतो. दाण्याच्या सालीवर वाघाच्या अंगावर असतात तसे लालसर पट्टे असल्यामुळे त्याला हे नाव पडले. खरिपात घेतल्या जाणाऱ्या या पिकाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे विशिष्ट प्रदेशाशी जोडलेल्या मालाला त्या प्रदेशाचे नाव वापरण्याचे कायदेशीर संरक्षण मिळाले. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने हा घेवडा म्हणजे उत्तरेकडच्या राजम्याचाच भाऊ, आणि ताकेरियातल्या कढईत शिजणारा घेवडाही याच जातीचा. मध्य व दक्षिण अमेरिकेत हजारो वर्षांपूर्वी माणसाळवलेली ही वेल आज कोरेगावच्या शेतकऱ्याला इतकी आपली वाटते, की तिच्यावर त्याच्या तालुक्याचा कायदेशीर हक्क नोंदला गेला आहे. घरोघरी या घेवड्याची दाट आमटी होते आणि ती भाकरीबरोबर चुरून खाल्ली जाते.

रहिमतपूरच्या पट्ट्यात आले आणि ऊस यांची शेते लागतात. सातारा जिल्हा आल्याच्या उत्पादनासाठी नावाजलेला आहे, आणि इथल्या टपरीवरच्या चहात आल्याचा झणका इतर ठिकाणांपेक्षा ठळक असतो. मात्र रहिमतपूर ते मसूर या रस्त्यावर उन्हाळ्यात गेलेल्या प्रवाशाला गंधाने थांबवणारी गोष्ट वेगळी आहे, ती म्हणजे ‘डंका’. लाल मिरच्या व मसाले कुटून देणाऱ्या यंत्राला आणि त्या यंत्राच्या गिरणीला या भागात डंका म्हणतात, आणि एप्रिल-मे महिन्यांत तिथे डबे व पिशव्या घेतलेल्या बायकांची रांग असते. वर्षभराची चटणी एकदाच करून ठेवण्याची इथली रीत आहे. पुण्या-मुंबईकडे जिला कांदा-लसूण मसाला म्हणतात तिला इथे नुसते ‘चटणी’ म्हणतात, आणि आमटी, कालवण, उसळ, मिसळ या सर्वांचा पाया तीच असते. रंगासाठी कर्नाटकातली ब्याडगी, तिखटपणासाठी लवंगी, आणि चव व दाटपणा यांसाठी संकेश्वरी अशा मिरच्या निवडून, उन्हात कडक वाळवून, देठे काढून आणल्या जातात. त्यांत तळलेला कांदा, लसूण, सुके खोबरे, धणे, तीळ आणि खडा मसाला घालून सगळे कुटले जाते. प्रत्येक घराचे प्रमाण ठरलेले असते आणि ते सासूकडून सुनेकडे तोंडीच जाते.

मेक्सिकोत मिरची सहा हजार वर्षांहून अधिक काळ खाल्ली जात आहे, आणि सुकवलेल्या निरनिराळ्या मिरच्या भाजून, मसाले व बिया यांच्याबरोबर पाट्यावर वाटून ‘मोले’ नावाचे दाट कालवण करण्याची तिथली परंपरा आहे. तिथेही कोणत्या मिरचीने रंग येतो, कोणत्या मिरचीने धुराचा वास आणि कोणत्या मिरचीने तिखटपणा, याचे ज्ञान घराघरांत साठलेले असते. मेक्सिकोच्या पारंपरिक पाककलेला युनेस्कोने २०१० मध्ये मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. डंक्यापाशी रांगेत उभ्या असलेल्या बायकांकडचे ज्ञान त्याच तोलाचे आहे, आणि त्याची नोंद होण्याआधी तयार मसाल्याच्या पुड्यांनी त्याची जागा घेतली तर ती मोठी हानी ठरेल.

मसूर सोडून कराडकडे येताना रेल्वेस्थानकाच्या परिसरात ओगलेवाडी लागते. औंध संस्थानाच्या आश्रयाने ओगले बंधूंनी इथे काचेचा कारखाना उभारला आणि त्यांचा ‘प्रभाकर’ कंदील महाराष्ट्रभर पोहोचला. वीज गावोगाव येण्याआधीच्या काळात रात्रीचा बाजार ज्या उजेडात भरत असे, तो उजेड अशा कंदिलांचा होता.

कराडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात व एकत्र होऊन काटकोनात वळतात, म्हणून या संगमाला ‘प्रीतिसंगम’ म्हणतात. यशवंतराव चव्हाणांची समाधी याच ठिकाणी आहे. घाटाच्या वरच्या अंगाला, कृष्णामाईच्या देवळाकडे जाणाऱ्या वाटेवर, संध्याकाळी भेळीचे गाडे असतात, आणि इथपासून भेळीचे स्वरूप बदलू लागते. मुंबईच्या भेळीत पुऱ्यांचा चुरा, बारीक शेव आणि खजुराच्या चटणीची गोडी पुढे असते. कराडपासून दक्षिणेला ती गोडी मागे हटते, शेंगदाणे वाढतात आणि चुरमुऱ्यांना तिखट-तेलाचा हात लागलेला असतो. गाडेवाला मोठ्या पातेल्यात कांदा, टोमॅटो, कोथिंबीर आणि चिंचेचे पाणी टाकून पळीने खडखडाट करत ती कालवतो आणि कागदावर ओततो. ‘कोरडी’ की ‘ओली’ एवढाच प्रश्न विचारला जातो. नेहमीच्या गिऱ्हाइकाला तोही विचारावा लागत नाही. ‘मामा, नेहमीची’ एवढे शब्द पुरतात. गाडेवाल्याला मामा किंवा काका आणि गाडेवालीला मावशी म्हणण्याची ही रीत व्यवहाराला नात्याचे रूप देते. महिनाअखेरीची उधारी, परीक्षेला निघालेल्या मुलाच्या कागदात पडणारी जादा मूठ, आणि एखादा दिवस गाडा लागला नाही तर गल्लीत होणारी विचारपूस, या सगळ्याला त्याच नात्याचा आधार असतो.

मिसळीच्या बाबतीतही असाच बदल टप्प्याटप्प्याने होतो. मटकीची उसळ, तिच्यावर फरसाण, कांदा आणि वरून लाल तवंगाचा रस्सा अशी तिची मांडणी सर्वत्र सारखी असली, तरी त्या रश्शाला विदर्भात तर्री, पुण्याकडे सॅम्पल आणि कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यात ‘कट’ म्हणतात. साताऱ्यात तिच्याबरोबर पाव असतो. कोल्हापूरच्या दिशेने सरकले की त्याच्या जागी पेटीपावाचे जाड काप येतात, जे कट शोषून घेऊनही तुटत नाहीत. कट चांगला की वाईट हे त्या घरच्या चटणीवर ठरते, म्हणून एकाच चौकातल्या दोन गाड्यांची मिसळ कधीच सारखी लागत नाही.

कराडहून महामार्गाने पेठ नाक्यापर्यंत येऊन इस्लामपूरकडे वळले की वाळवे तालुका लागतो. स्वातंत्र्यलढ्यात १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली ज्या गावांनी प्रतिसरकार चालवले, त्यांपैकी अनेक गावे याच पट्ट्यातली. पुढे याच भागात सहकारी साखर कारखानदारी रुजली, आणि ऊसवाहतुकीच्या हंगामात रस्त्याकडेच्या ढाब्यांवर जो पदार्थ मिळतो तो ‘अख्खा मसूर’. मसूर न भरडता अख्खाच शिजवून, कांदा, टोमॅटो व भरपूर चटणीच्या फोडणीत घोळवून तो रोटीबरोबर दिला जातो, आणि इस्लामपूरचे नाव महाराष्ट्रात आज बरेचदा याच पदार्थाबरोबर घेतले जाते. मांसाहारी ढाब्यावर बसलेल्या शाकाहारी माणसालाही तितकाच जड व झणझणीत पदार्थ मिळावा, ही गरज त्यातून भागली.

आष्ट्यावरून सांगलीकडे येताना हळदीचे मळे दिसू लागतात आणि कृष्णाकाठची काळी गाळाची जमीन सुरू होते. या जमिनीतल्या वांग्यांची ख्याती मोठी आहे. कमी बियांची, पातळ सालीची ही वांगी भाजून किंवा भरून केली जातात. सांगली शहरात प्रवेश होतो तो १९२९ मध्ये बांधलेल्या आयर्विन पुलाच्या परिसरातून, ज्याच्या खांबांवरून कृष्णेच्या पुराची पातळी आजही फुटांत मोजली जाते. १८०१ मध्ये मिरजेपासून वेगळे होऊन चिंतामणराव पटवर्धनांनी सांगली संस्थान स्थापले. नदीकाठचे गणपती मंदिर त्यांच्याच काळात उभे राहिले, आणि त्यांच्याच आश्रयाने १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी ‘सीता स्वयंवर’ हे नाटक रंगभूमीवर आणले. चतुर्थीला देवळाच्या परिसरात उपवासाचे पदार्थ मिळतात, आणि साबुदाण्याच्या खिचडीची घडण तपासली तर मोठे आश्चर्य हाती येते : साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा, शेंगदाणा, बटाटा आणि मिरची या चारही वस्तू अमेरिका खंडातल्या आहेत. गहू-तांदूळ वर्ज्य करणाऱ्या व्रताने नव्याने आलेल्या पिकांना मोकळी वाट दिली, आणि ज्या पदार्थाला भाविक सर्वांत सोवळा मानतो तो जवळजवळ संपूर्णपणे समुद्रापलीकडून आलेला निघाला.

सांगलीची खरी ओळख मात्र भडंग. चुरमुरे, शेंगदाणे, लसूण, कढीपत्ता, तिखट आणि तेल या मोजक्या जिनसांचा हा पदार्थ सांगलीप्रमाणेच कृष्णेपलीकडच्या जयसिंगपुरातही प्रसिद्ध आहे. त्याची गुणवत्ता चुरमुऱ्यापासून ठरते. भात भिजवून, अर्धवट उकडून वाळवतात आणि सडून त्याचा तांदूळ काढतात. त्याला मिठाच्या पाण्याचा हात लावून भट्टीवरच्या तापलेल्या वाळूत टाकतात, तेव्हा दाण्यातल्या पाण्याची क्षणात वाफ होऊन दाणा फुगतो, आणि चाळणीने वाळू झाडून चुरमुरा वेगळा केला जातो. भडंगासाठी तो उन्हात किंवा मंद आचेवर पुन्हा कडक करतात. तेलात आधी शेंगदाणे, मग ठेचलेला लसूण व कढीपत्ता कुरकुरीत होईपर्यंत तळतात, आणि आच उतरवल्यावरच तिखट, हळद, मीठ व चिमूटभर पिठीसाखर घालतात, कारण आचेवर तिखट करपले की सारा घाणा कडू होतो. त्यानंतर चुरमुरे घालून दोन्ही हातांनी वरखाली करत राहायचे, जोवर प्रत्येक दाण्याला रंग चढत नाही. ओलावा नसल्यामुळे हा पदार्थ बरेच दिवस टिकतो, आणि म्हणून तो गाड्यावरून निघून प्रवासाच्या पिशवीत जाऊ शकला. विटा-खानापूर-आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातून सोने-चांदी गाळण्याच्या, म्हणजे ‘गलाई’च्या, धंद्यासाठी केरळ-तामिळनाडूपासून उत्तर भारतापर्यंत पसरलेल्या कुटुंबांना गावाची चव बरोबर नेण्यासाठी असाच टिकाऊ पदार्थ हवा होता.

भडंग कोरडे खाल्ले तर खाऊ, आणि त्यात कांदा, टोमॅटो, कोथिंबीर व लिंबू पडले की तीच सांगलीची भेळ. भूक भागवणारे कोरडे अन्न आणि ऐन वेळी घातलेला ताजेपणा, अशी ही जोड असते. ताकेरियात तोर्तिया आणि शिजलेला घेवडा आधी तयार असतात, आणि कांदा, कोथिंबीर, लिंबू गिऱ्हाईक समोर आल्यावर पडतात. गाड्याच्या अर्थव्यवस्थेचा हा पाया दोन्हीकडे एकच आहे, कारण त्यामुळे नासाडी कमी होते आणि थोड्या भांडवलात धंदा उभा राहतो. भांडवल थोडे असले तरी जागेची शाश्वती नसते, ही या धंद्याची जुनी दुखरी बाजू. पथविक्रेत्यांच्या उपजीविकेचे संरक्षण करणारा कायदा २०१४ मध्ये झाला आणि शहराशहरांत विक्रेत्यांची गणना करून त्यांना प्रमाणपत्र देण्याची तरतूद त्यात आली. २०२० मध्ये टाळेबंदीने हातावरचे पोट रिकामे झाल्यावर केंद्र शासनाच्या स्वनिधी योजनेतून पहिल्या टप्प्यात दहा हजार रुपयांचे कर्ज देऊ केले गेले. ज्या शहराची ओळख भडंगाने होते, त्या शहराच्या आराखड्यात भडंग-भेळीच्या गाड्याला जागा आखून दिलेली असणे हा त्या विक्रेत्याचा हक्क आहे.

सांगलीपासून जवळच कृष्णा-वारणा संगमावर हरिपूर आहे. इथल्या संगमेश्वराच्या देवळाइतकीच इथली हळदीची पेवे महत्त्वाची आहेत. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेले, तोंडाशी अरुंद आणि पोटात रुंद असे कोठार; हरिपूरची माती अशी आहे की पेवात भरलेली हळद वर्षानुवर्षे किडीपासून सुरक्षित राहत असे आणि भाव येईपर्यंत व्यापाऱ्याला थांबता येत असे. सांगली ही हळदीची मोठी बाजारपेठ होण्यात या मातीचा वाटा मोठा होता. २००५ च्या महापुरात पाणी शिरून पुष्कळ पेवे खचली व निकामी झाली, २०१९ मध्ये पुराने पुन्हा शहर वेढले, आणि साठवण आता बव्हंशी गोदामांत व शीतगृहांत होते. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. भडंगाला पिवळा-केशरी रंग देणारी चिमूट इथल्या बाजारातली, तर त्यालाच लाल करणारी मिरची मूळची मेक्सिकोची.

शेवटचा मुक्काम मिरज. आदिलशाहीपासून महत्त्वाचे ठाणे असलेल्या या शहरात मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात १९३७ मध्ये निधन पावलेल्या उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची कबर आहे, आणि जवळच्या गल्लीत भोपळे कोरून सतारी व तानपुरे घडवणाऱ्या कारागिरांची दुकाने आहेत. इथे कधी काळी रेल्वेचे तीन रुंदीचे मार्ग एकत्र येत, आणि पुणे, पंढरपूर, बेळगाव व कोल्हापूर अशा चारी दिशांचे प्रवासी गाडी बदलण्यासाठी थांबत. दर्ग्याजवळ संध्याकाळी निखाऱ्यावरच्या कबाबांचा आणि शेजारच्या भेळीच्या लिंबाचा वास एकमेकांत मिसळतो. मेक्सिकोत विसाव्या शतकात लेबनॉनहून आलेल्या स्थलांतरितांनी उभ्या सळईवर फिरवत मांस भाजण्याची रीत नेली, आणि तिथल्या लोकांनी तिला मिरची व अननस जोडून ‘ताको अल पास्तोर’ हा आपला पदार्थ केला. मिरजेलाही फारसी, कानडी आणि मराठी चवी एकाच गल्लीत शेजारी नांदतात. इथून पूर्वेला आणि दक्षिणेला गावागावांतून कानडी ऐकू येऊ लागते, चुरमुऱ्याला ‘मंडक्की’ म्हणू लागतात, आणि हुबळी-धारवाडच्या गाड्यांवर भडंगाच्या जागी कांदा-चिंचेच्या शिजवलेल्या मसाल्यात चुरमुरे कालवून वर फुटाण्याच्या डाळीची पूड भुरभुरलेले ‘गिरमिट’ मिळते, सोबत तळलेली हिरवी मिरची.